सात-बारा वाचता यायला हवा

(अमरावती येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यात अकोल्याच्या एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'घर, भूखंड आणि दुकानगाळे यांतील गुंतवणूक' असा आहे. अशा विषयासाठी खरे तर एखाद्या अर्थतज्ज्ञास पाचारण करावयास हवे होते. मी आयुष्याचा मोठा भाग जमिनीचे कागद चाळण्यात घालविलेला माणूस. भाव कोठे वाढेल, हे मी सांगू शकणार नाही. पैसा कोठे आणि कसा अडकतो, हे मात्र पुष्कळ पाहिले आहे. आज तेवढेच सांगणार आहे.

आरंभ घरच्याच उदाहरणाने करतो. माझे एक मावसभाऊ प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. २०११ साली ते निवृत्त झाले आणि हाती आलेल्या रकमेतून त्यांनी अकोला शहराच्या कडेला पंधराशे चौरस फुटांचा एक प्लॉट घेतला. ले-आऊट मंजूर होता, अकृषक आदेश होता, खरेदीखत रीतसर नोंदले गेले. माझ्याकडे ते कागद घेऊन आले नाहीत. "दलाल आपल्या ओळखीचा आहे, तुला कशाला त्रास?" असे म्हणाले. मीही आग्रह धरला नाही. तो माझा दोष आहे आणि तो मी आजही विसरलेलो नाही. पाच वर्षांनी, मुलाचे लग्न ठरल्यावर, बांधकाम परवानगीसाठी नकाशा काढला, तेव्हा उघड झाले की दादांचा प्लॉट मंजूर नकाशात अस्तित्वातच नाही. त्या जागी 'खुली जागा' असे लिहिलेले आहे. दलालाने दाखविलेला नकाशा वेगळा होता. मंजूर नकाशावरून हाताने रेखलेला, त्यात खुल्या जागेचे अकरा प्लॉट पाडलेले. दादांसारखी आणखी दहा कुटुंबे. ले-आऊट टाकणारा तोवर सर्व विकून मोकळा झाला होता.

आता प्रश्न असा की दादांकडे कोणता कागद नव्हता? खरेदीखत होते. मुद्रांक शुल्क भरले होते. दुय्यम निबंधकाचा शिक्का होता. येथेच आपल्या समाजातील एक फार जुना गैरसमज ध्यानात घेतला पाहिजे. दस्त नोंदविला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे आपण समजतो. नोंदणी कार्यालय एवढेच सांगते की अमुक व्यक्तीने अमुक दिवशी हा दस्त करून दिला. देणाऱ्याला तो अधिकार होता की नाही, हे शोधण्याचे काम कायद्याने मुख्यतः घेणाऱ्यावरच टाकलेले आहे. शहरात महिन्याकाठी पंचवीस हजारांचा फ्रीज घेताना आपण चार दुकाने फिरतो. जन्मभराची पुंजी मात्र एका संध्याकाळी, चहाच्या टेबलावर, इसार पावतीच्या पाठीवर सही करून देऊन टाकतो.

या इसाराबद्दल दोन शब्द. वऱ्हाडात व्यवहार शब्दावर चालतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण साध्या कागदावरील इसाराने आपल्याला जमिनीत कोणताही हक्क मिळत नाही. मिळतो तो केवळ व्यवहार पूर्ण करून मागण्याचा. ती मागणीही ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत न्यायालयात करावी लागते. तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. "पुढच्या दिवाळीला करून देतो" या शब्दावर चार दिवाळ्या काढलेले लोक माझ्याकडे आले आहेत. तीच गत मुखत्यारपत्राची. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन विकत घेणे ही मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'सूरज लॅम्प' प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही आपल्याकडे 'मुखत्यारपत्रावर स्वस्तात प्लॉट' ही भाषा अजून ऐकू येते. स्वस्त असण्याचे कारण तेच असते.

आता सात-बाराकडे वळू. हा कागद घरात सर्वांना वाचता आला पाहिजे, नुसता कर्त्या पुरुषाला नव्हे. पटवाऱ्याकडे चकरा मारण्याचे दिवस गेले. आज महाभूलेखवर तो घरबसल्या दिसतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढता येतो. त्यात पहिली गोष्ट पाहावयाची ती भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ म्हणजे मालकाला हस्तांतरणाचा मुक्त अधिकार. वर्ग २ म्हणजे शासनाने अटींवर दिलेली जमीन. ती परवानगीशिवाय विकता येत नाही आणि विकलीच तर शर्तभंग होतो. दुसरी गोष्ट 'इतर अधिकार' हा स्तंभ. बँकेचा बोजा, कुळ, न्यायालयाचा मनाई हुकूम, हस्तांतरणावरील बंधन हे सारे तेथे असते. दलाल नेमका तोच भाग घडी घालून दाखवितो, असा माझा अनुभव आहे. तिसरी गोष्ट फेरफार. सात-बारावर वर्तुळात जे फेरफार क्रमांक असतात, त्यांच्या प्रती काढून जमीन आजच्या मालकाकडे कशी आली, याचा किमान तीस वर्षांचा धागा जुळवावा. ज्याची नोंद अजून व्हावयाची आहे, मुदत अजून संपलेली नाही, अशा फेरफारावर विसंबून पैसे देऊ नयेत. हरकतीसाठी कायद्याने पंधरा दिवस दिलेले आहेत आणि तेवढ्या दिवसांत पुष्कळ भाऊबंद जागे होतात.

आपल्या वऱ्हाडाच्या जमिनीचा इतिहास पुण्या-मुंबईहून निराळा आहे, म्हणून तिकडची पुस्तके वाचून येथे काम भागत नाही. १८५३ पासून हा प्रांत इंग्रजांच्या हाती गेला, पुढे मध्यप्रांतास जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणूनच आपला कुळकायदाही वेगळा, १९५८ चा, विदर्भ प्रदेशापुरता. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. नोकरदार मंडळी 'फार्म हाऊस' म्हणून दोन एकर घेतात आणि शेतकरी असल्याचा दाखला दलालच कोठून तरी आणून देतो. असा व्यवहार पुढे अवैध ठरला, तर दलाल साक्षीलाही येत नाही.

शहरांतील जुन्या वस्त्यांची गोष्ट आणखी वेगळी. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत पुष्कळ जागा नझूलच्या आहेत. म्हणजे मालकी शासनाची आणि आपल्याकडे भाडेपट्टा. तेथे सात-बारा नसतो, आखीव पत्रिका असते, आणि तीवर शीट क्रमांक व प्लॉट क्रमांक असतो. तीन पिढ्या राहिल्यामुळे लोक त्या घराला आपलेच समजतात आणि तशाच विश्वासाने विकतातही. घेणाऱ्याने पट्ट्याची मुदत केव्हा संपली, नूतनीकरण झाले काय, निवासी पट्ट्यावर दुकान चालले आहे काय, हे पाहिले पाहिजे. नागपूर व अमरावती विभागांतील नझूल जमिनींसाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली आणि सवलतीचे अधिमूल्य भरून अशा जमिनी पूर्ण मालकीच्या करून घेण्याची वाट खुली केली. ज्यांच्या घराण्याचे घर नझूलवर आहे, त्यांनी विकण्याच्या नव्हे, मुलांसाठी कागद स्वच्छ करून ठेवण्याच्या हेतूने ही चौकशी अगत्याने करावी. जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांवर जी व्यापारी संकुले उभी राहतात, तेथेही मूळ पट्टा कोणत्या प्रयोजनासाठी होता, हाच पहिला प्रश्न विचारावा.

तीन प्रकारच्या जमिनींपासून तर हात जोडून दूर राहावे. एक, ई-क्लास. गुरांच्या चराईची, गावाच्या उपयोगाची ही जमीन कोणाच्या बापाची नाही. अतिक्रमण नियमित होईल या आशेवर ती विकत घेणारे पुष्कळ आहेत. दुसरी, भूदानाची. विनोबाजींच्या पायाशी आपल्या पूर्वजांनी ती भूमिहीनांसाठी वाहिली. ती विकता येत नाही आणि विकत घेण्याचा विचार मनात यावा, हेही शोभणारे नाही. तिसरी, वनवासी बांधवांची. मेळघाटात, विशेषतः चिखलदऱ्याला थंड हवेच्या ठिकाणाचा प्लॉट घेण्याची हौस अमरावतीकरांना फार. महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली शासनाच्या मंजुरीविना ती जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही. त्यात व्याघ्र प्रकल्पाचे निर्बंध आहेत आणि चिखलदऱ्याच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे आहेत. साध्या कागदावर लिहून घेतलेला 'करार' तेथे रद्दीच्या मोलाचा.

याच्याच शेजारची एक गोष्ट सांगतो, जी कोणी सहसा सांगत नाही. आपल्या भागात सावकारीपायी जमिनी गेल्या. शेतकऱ्याने पन्नास हजार उचलले आणि तारण म्हणून खरेदीखत लिहून दिले, असे शेकडो दस्त आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार, अवैध सावकारीच्या ओघात जमीन घेतली गेल्याचे चौकशीत दिसले, तर सहकार खात्याचे जिल्हा निबंधक ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन शेतकऱ्याला परत करू शकतात. तुम्ही ती त्या सावकाराकडून भर बाजारभावाने घेतलेली असली तरी हा धोका तुमच्या गळ्यात येतो. म्हणून विकणाऱ्याच्या आधीचा मालक कोण, तो कोठे राहतो, त्याने जमीन का विकली, हे गावात जाऊन विचारावे. वावराच्या धुऱ्यावर उभे राहून दोन शेजाऱ्यांशी बोललात, तर शोधपत्रात नसलेले पुष्कळ कळते. पांदण रस्ता खरोखर आहे की केवळ नकाशात आहे, हेही तेथेच कळते.

आणि बहिणींचा प्रश्न. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी वडील २००५ साली हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला वा रीतसर वाटणीला मात्र धक्का लागत नाही. भावांनी बहिणींना न विचारता विकलेली जमीन आज सर्वांत अधिक खटले निर्माण करीत आहे. "आमच्या ताईचे काही म्हणणे नाही" हे वाक्य विकणारा फार गोडीने उच्चारतो. तिचे काही म्हणणे नसेल, तर तिने खरेदीखतावर सही करावी अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. मी एवढेही म्हणेन की सही करण्यापूर्वी ताईला स्वतंत्रपणे भेटावे. रक्षाबंधनाचे चोळी-पातळ देऊन शेताचा हिस्सा घेण्याची आपली रीत फार कौतुकाची नाही.

आता ले-आऊट. दादांच्या प्रकरणातून शिकण्यासारखे एकच आहे. नकाशा दलालाकडून घेऊ नये, मंजूर करणाऱ्या कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत स्वतः काढावी. मग फीत घेऊन जागेवर जावे आणि आपला प्लॉट, रस्ता, खुली जागा प्रत्यक्ष मोजावी. एक एकर वा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये साधारणतः दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नकाशात दिसते आणि जागेवर दिसत नसेल, तर ती कोणाला तरी विकलेली आहे, असे समजावे. तो कोणी तरी कदाचित तुम्हीच असाल. अकृषक परवानगीचे नियम २०१४ नंतर अनेकदा बदलले आणि सोपे होत गेले. म्हणून ज्या वर्षी ले-आऊट पडला, त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे आदेश आहे काय, हे पाहावे लागते.

गुंठेवारीचे तसेच. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेण्यात आली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याखालचे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ साली जिरायतीसाठी वीस गुंठे आणि बागायतीसाठी दहा गुंठे झाले. पुढे २०२५ च्या अखेरीस शासनाने अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील, निवासी-व्यापारी वापराच्या पट्ट्यांतील तुकड्यांचे व्यवहार शुल्काविना नियमित करण्याचा निर्णय केला. हजारो गरीब कुटुंबांना त्याने दिलासा दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण या निर्णयाने दूर होतो तो तुकड्याचा दोष. विकणाऱ्याची मालकीच नव्हती, रस्ता नव्हता, जागा पूररेषेत होती, हे दोष जेथल्या तेथे राहतात. 'आता सर्व नियमित झाले' अशी जाहिरात करणाऱ्यांना हा फरक ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो.

कागद स्वच्छ निघाला की माती पाहावी, आणि पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. त्याच पाण्याने बांधलेल्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो आणि आतली सळई गंजते. म्हणून बोअर आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. पाणी बाटलीत भरून तपासून घ्यावे आणि नळाची जोडणी मिळणार आहे काय, हे लेखी विचारावे. अकोल्याला महानच्या काटेपूर्णेवर आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धावर जगावयाचे आहे. शहराच्या टोकाच्या प्लॉटपर्यंत ती जलवाहिनी यावयास किती वर्षे लागतील, ते दलाल सांगत नाही.

काळ्या मातीचे तर काय सांगावे! जी माती कपाशीला सोने, तीच घराला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पाया वर-खाली होतो. दहा वर्षांच्या आत दाराच्या चौकटीवर तिरपी भेग गेलेले घर दिसले, की समजावे, पाया मुरूम लागेपर्यंत नेलेला नाही. तयार घर वा सदनिका घेताना बाहेरच्या रंगाकडे पाहू नये, जोत्याकडे आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांकडे पाहावे, तेही शक्यतो मे महिन्यात. आणि जागा पाहावयाची ती भर पावसाळ्यात. २०२१ च्या जुलैत मोर्णेने अकोल्याच्या सखल वस्त्यांत काय केले, ते ज्यांनी पाहिले त्यांना पूररेषा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. अमरावतीत अंबा नाल्याच्या काठीही तोच प्रश्न विचारावा.

आता जाहिरातींकडे येऊ, कारण मध्यमवर्गीय मनाला सर्वांत मोठी भुरळ तेथेच पडते. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. आपल्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी केलेला पराक्रम होता तो. पण त्याच आठवड्यात 'विश्वविक्रमी महामार्गालगत प्लॉट' असा फलक मी वाचला. रस्त्याच्या विक्रमाने प्लॉटचा सात-बारा सुधारत नाही. समृद्धी महामार्ग धामणगाव, चांदूर आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये मुंबईकडील अखेरचा टप्पा खुला झाला. 'समृद्धीला लागून' म्हणून जमिनी विकल्या गेल्या. त्या मार्गावर कोठूनही चढता येत नाही, चढावयाचे तर ठरलेल्या ठिकाणीच चढावे लागते. कुंपणाला लागून असलेल्या प्लॉटवरून मोटारी जाताना दिसतील एवढेच.

बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली, ही अमरावतीकरांसाठी आनंदाची घटना. पण विमान येण्याच्या कितीतरी आधीपासून विमानतळाचा भाव लावून तेथे जमिनी विकल्या जात होत्या. ज्याने आरंभी घेतली आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याच्या व्याजाचा हिशेब कोण करतो? अकोल्यात शिवणीच्या धावपट्टीच्या विस्ताराची बातमी आम्ही किती वर्षे वाचली आणि प्रत्येक बातमीसरशी दर कसे हलले, तेही पाहिले आहे. नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. ते उभे राहावे, कापसाला घराजवळ गिऱ्हाईक मिळावे, ही आपली सर्वांची इच्छा आहे. इच्छेवर कर्ज मात्र काढू नये.

वऱ्हाडाला हा धडा पूर्वी एकदा मिळालेला आहे. अमेरिकेत यादवी चालली तेव्हा, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत ओतला गेला. अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीवर लोक श्रीमंत झाले. तिकडे युद्ध थांबले आणि १८६५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखे पुरुषही त्यात आले. जमिनीचा भाव पडतच नाही, हे म्हणणे किमान दीडशे वर्षे खोटे ठरलेले आहे.

थोडे गणित करू. दहा वर्षांपूर्वी दहा लाखांना घेतलेला प्लॉट आज वीस लाखांना गेला की आपण पेढे वाटतो. चक्रवाढीने तो परतावा वर्षाला सुमारे ७.२ टक्के पडतो. त्यातून मुद्रांक, नोंदणी, कुंपण, दलाली आणि विकतानाचा कर वजा करा. पोस्टातील भविष्यनिर्वाह निधी २०२० नंतरच्या वर्षांत ७.१ टक्के करमुक्त देत होता. प्लॉट घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. स्वतःच्या घरासाठी जरूर घ्यावा. पण केवळ ठेवून देण्यासाठी, तोही नऊ टक्क्यांच्या कर्जावर घेतला, तर भाव वर्षाला नऊ टक्के वाढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. ऋण काढून सण करू नका, असे गाडगेबाबा याच परिसरात गावोगाव सांगत फिरले. प्लॉट हा आजचा सण झाला आहे.

शासकीय मूल्यदरही ध्यानात ठेवावेत. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली, अमरावती महापालिका क्षेत्रात ती ८.०३ आणि अकोल्यात ७.३९ टक्के होती. सौदा त्याहून कमी रकमेचा झाला तरी मुद्रांक शुल्क या दरानेच द्यावे लागते. घर घरातील स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. सवलतीसाठी म्हणून नव्हे, पण तिच्या नावे एक छप्पर असावे, हे मला मनापासून योग्य वाटते.

दुकानगाळ्यांविषयी मी अधिक सावधपणे बोलेन. निवृत्त माणसाला सांगितले जाते की गाळा घ्या, भाडे हेच निवृत्तिवेतन. समजा पस्तीस लाखांचा गाळा आहे आणि भाडे महिना चौदा हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार, म्हणजे ४.८ टक्के. मालमत्ता कर, देखभाल आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा जाता चार टक्केही उरत नाहीत. आपल्या शहरांतील संकुलांच्या तळघरात आणि दुसऱ्या मजल्यावर वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेले गाळे पाहा. ते सर्व कोणी ना कोणी 'तळमजल्यापेक्षा निम्म्या भावात' म्हणून घेतलेले आहेत. वऱ्हाडचे गिऱ्हाईक पायऱ्या चढत नाही. शिवाय तळघर मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखविलेले असेल, तर तेथील गाळा विकतच घेता येत नाही. संकुल नगरपालिकेच्या वा अन्य संस्थेच्या भूमीवर भाडेपट्ट्याने असेल, तर आपण काही वर्षांचा ताबा घेत आहोत, मालकी नव्हे. पट्टा सरल्यावर काय, हे आजच वाचून घ्यावे. भाडेकरू ठेवताना करार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नात्यातला भाडेकरू असेल तर दोनदा वाचून करावा.

सदनिकांच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०१६ चा रेरा कायदा आणि मे २०१७ पासून चालू झालेले महारेरा प्राधिकरण यांमुळे पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदणीविना विकता येत नाही. ले-आऊटही त्यात येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बांधणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. तरी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक स्वतः टाकून पाहावा. जाहिरातीतला क्रमांक दुसऱ्याच प्रकल्पाचा असल्याचे मी पाहिले आहे.

आणि शेवटी 'काही रक्कम रोखीने' हा प्रकार. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई झाली आणि स्वीकारल्यास तेवढाच दंड. राष्ट्राचा कर बुडतो, हे तर झालेच. पण ज्यांना ते पुरेसे वाटत नाही, त्यांच्यासाठी दादांचे उदाहरण पुन्हा देतो. त्यांनी दिलेल्या रकमेपैकी निम्मीच खरेदीखतात लिहिलेली आहे. उद्या न्यायालयाने रक्कम परत करण्याचा हुकूम केला, तरी तो त्या निम्म्याचाच होईल. उरलेल्या निम्म्याला पुरावा नाही. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, ते पैसे मी मोजून दिले होते हो, माझ्या हातांनी." मी काय उत्तर देणार? कागदावर ते पैसे कधी नव्हतेच.

दावा चालू आहे. दादा आज सत्तरीच्या घरात आहेत, भाड्याच्या घरात राहतात आणि प्रत्येक तारखेला पिशवीत फाईल घालून न मागताही येतात. खुल्या जागेवर वस्तीतल्या मुलांनी क्रिकेटची खेळपट्टी केली आहे. त्यांना कोणी हटवू नये, असे दादांनीच मला सांगितले आहे, कारण जागा मुळात त्यांचीच होती.

माझे बोलणे येथे थांबवितो. संयोजकांनी सूचना दिल्याप्रमाणे ज्यांनी आपले सात-बारा, आखीव पत्रिका वा इसार पावत्या सोबत आणल्या आहेत, त्यांनी चहा झाल्यावर डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे. मी आणि माझे दोन तरुण सहकारी सायंकाळी सातपर्यंत तेथे आहोत. ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत, त्यांनी कृपया आधी यावे.